बांबूचं कुंपण लावताय? आधी जात विचारा

राम राम मंडळी! हे माझ्या मागे दिसतंय ते बांबूचं कुंपण. विदर्भातल्या माणसाला बांबू काय सांगायचा, म्हणाल तुम्ही. पण आपण नर्सरीत जातो, नुसतं "बांबू द्या" म्हणतो अन् बहुतेक वेळा मानवेल जातीचा बांबू घेऊन घरी येतो.

मानवेल वाईट नाही. काठी जवळजवळ भरीव, मांडवाला, मचाणाला एक नंबर. पण ती पानगळीची. फेब्रुवारी-मार्चपासून पानं झडायला लागतात. म्हणजे ऐन नवतप्यात, गरम झळा अन् धूळ अंगणात येते तेव्हाच कुंपण उघडं! पाणी देत राहिलं तर थोडी हिरवी राहते, पण मे महिन्यात विहिरीत पाणी असलं पाहिजे ना भाऊ.

घराला आडोसा पाहिजे असेल तर बांबुसा मल्टिप्लेक्स मागा. काठी बारीक, पानं पार बुडापासून, अन् बाराही महिने हिरवा. दोन-अडीच फुटांवर एक रोप. वावराला रानडुकरांचा त्रास असेल तर कटांग, म्हणजे काटेरी बांबू. त्याचे वाकडे काटे खालून एकमेकांत असे गुंततात की दाट झाल्यावर जनावराला आत शिरणं अवघड. पण तो प्रचंड वाढतो, काठी काढताना हात सोलून निघतात. घराजवळ, लेकरांच्या खेळण्याच्या जागी लावूच नका.

"मुळं घराखाली घुसतील का?" हे सगळेच विचारतात. जमिनीखालून लांब पळत जाणारे बांबू मुख्यतः चीन-जपानच्या थंड भागातले. आपल्याकडचे एका जागी झुबका, म्हणजे बेट, करून राहतात. बेट मात्र दरवर्षी बाहेर सरकतं, म्हणून धुऱ्यापासून, म्हणजे वावराच्या बांधापासून, चार-पाच फूट आत लावा. आज शेजारी काही बोलणार नाही, पाच वर्षांनी बोलेल. अन् बाजूला पीक असेल तर मधे दीड-दोन फूट खोल चर ठेवा, कारण बांबूची मुळं वरवरच पसरतात अन् पिकाचं खत-पाणी ओढतात.

लागवड मिरगाचा पाऊस नीट पडल्यावर. खड्डा दीड-दोन फुटांचा, त्यात शेणखत. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथे वरंबा करून वर लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, अन् बकऱ्यांपासून राखणही. झडलेली पानं बुडाशी राहू द्या, ओल धरतात. पण कुंपणालगत धुरे पेटवायचे नाहीत.

आता इकडे या, कॅमेरा खाली घे रे. (कोंब जवळून) हा यंदाचा कोंब. वरचं हे साल बोटानं चोळू नका, कुसळं टोचतात. हा निघाला तेव्हाच याची जाडी ठरली. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंच होईल, पुढे जाड होणार नाही. म्हणून नवीन लावलेल्या रोपाला पहिल्या वर्षी काडीएवढे कोंब आले म्हणून घाबरू नका, दरवर्षी येणारे कोंब जाड होत जातील. अन् कुंपणासाठी कामाची गोष्ट अशी, की काठी एकदा शेंड्यातून छाटली की ती पुन्हा उंच होत नाही, फांद्या अन् पानं भरते. दरवर्षी फक्त नवीन काठ्या आपल्या उंचीला छाटायच्या. मोठ्या बेटातून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, भाजीला घ्या, पण कुंपणाचे कोंब पहिली काही वर्षं सोडा.

तोडणी पावसाळा संपल्यावर, तीन वर्षांच्या पुढच्या काठ्यांची, जमिनीलगतच्या पेरावर. 2017 मध्ये वन कायद्यात बदल झाला, तेव्हापासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' नाही, त्यामुळे आपल्या वावरातला तोडायला पूर्वीसारखी अडचण नाही.

शेवटचं, हे नर्सरीवाला स्वतःहून सांगत नाही. मानवेल किंवा कटांग काही दशकांनी एकदम फुलतात अन् फुललं की बेट वाळतं. कलमाचं रोप वयानं मूळ बेटाएवढंच धरायचं. बेट म्हातारं असेल तर तुमचं कुंपण ऐन भरात येईल अन् वाळून जाईल. म्हणून रोप बियाण्याचं की कलमाचं, अन् कलमाचं असेल तर बेट किती जुनं, हे पैसे देण्याआधी विचारा.