रहमीम: पाच अक्षरांचं एक नाव

(दृश्य: कबरीवरची संगमरवराची पाटी, पेन्सिलच्या दोन आडव्या रेघा, छिन्नीचा आवाज)

सुरुवात उजवीकडून.

अक्षराची उंची दीड इंच. वर एक रेघ, खाली एक रेघ. हिब्रू अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, आपल्या देवनागरीसारखी. फरक इतकाच, की इथे शिरोरेषा नसते. प्रत्येक अक्षर सुटं, शेजाऱ्याला न टेकता उभं.

रेश. हेत. मेम. योद. आणि पुन्हा मेम, पण शब्दाच्या शेवटी येणारा. पाच अक्षरं मिळून नाव होतं रहमीम. यहुद्यांत मुलग्याला ठेवायचं नाव.

(दृश्य: रेशचा कोपरा, जवळून)

रेशचा उजवा कोपरा गोल हवा. तो टोकदार झाला आणि आडवी रेघ जरा पुढे आली, की रेशचा दालेत होतो. मग दगडावर ‘दहमीम’ उमटतं, आणि असा शब्दच नाही.

दुसरं अक्षर हेत. दोन पाय, वर आडवं छत, तिन्ही जोडलेली. याचा जुळा भाऊ ‘हे’ नावाचं अक्षर. त्याचा डावा पाय छतापासून सुटा असतो, मध्ये फट. ही फट दीड इंची अक्षरात जेमतेम दोन सुतांची. लिपी न येणारा कारागीर नमुना बघून कोरतो, तेव्हा त्याला ती फट कागदावरची चूक वाटते आणि तो ती बुजवतो. किंवा उलट होतं. झेरॉक्सवर हेतचा पाय पुसट आलेला असतो आणि दगडात फट पडते. दोन्ही अक्षरं आपण ‘ह’नेच दाखवतो, म्हणून मराठी वाचणाऱ्याला चूक दिसत नाही. हिब्रू वाचणारा मात्र थबकतो.

योद सगळ्यात लहान. वरच्या रेघेला टांगलेला, निम्म्यापर्यंतही न येणारा. तो खालच्या रेघेपर्यंत ओढला तर वाव होतो, आणि नाव ‘रहमूम’.

आता दोन मेम. मधला मेम खाली डावीकडे उघडा. शेवटचा चारी बाजूंनी बंद, चौकोनी. त्याचे खालचे कोपरे गोल केले की सामेख होतो, म्हणजे ‘स’. संगमरवर कोपऱ्यातच टवका सोडतो, त्यामुळे इथे हात घसरायची भीती जास्त. जाणता माणूस कोपऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी रेघेच्या मध्यावर चर घेतो, मग दोन्ही बाजूंना उतार देतो, आणि छिन्नी नेहमी कोपऱ्यातून आत चालवतो, बाहेर नाही.

(दृश्य: जुन्या पाटीवरची शिशाची अक्षरं, काही गळालेली)

जुन्या पाट्यांवर अक्षरं शिशाची आहेत. चर सपाट तळाचा घ्यायचा, तळाला बारीक भोकं पाडायची, आणि ती तिरकी पाडायची. शिशाची पट्टी हातोडीनं ठोकून बसवली की शिसं त्या भोकांत शिरून अडकतं. मग वरून घासून दगडाच्या पातळीला आणायचं. भोकं सरळ पाडली असतील तर उन्हापावसानं काही वर्षांत शिसं सुटून येतं. आधी जातो योद, कारण त्याला भोकंच एक-दोन. पण भोकांचे ठिपके दगडात राहतात. गळालेलं नाव या ठिपक्यांवरून लावता येतं. असा दगड कुणी ‘स्वच्छ’ करायला घेतला आणि ठिपके सिमेंटनं भरले, तर नाव कायमचं गेलं. कृपा करून भरू नका.

(दृश्य: पोथीचं पान, वाचणारं बोट)

अर्थ विचारला की उत्तर येतं ‘दया’. चूक नाही, पण अपुरं आहे. दया वरून खाली दाखवता येते. या शब्दाचं मूळ रेश-हेत-मेम, आणि याच तीन अक्षरांचा हिब्रू शब्द आहे रेहेम. रेहेम म्हणजे गर्भाशय.

अरबीतही हीच गोष्ट. तिथे रहिम म्हणजे गर्भाशय आणि रहमा म्हणजे करुणा. आपल्या बोलण्यातलं ‘रहम कर’ आणि रहीम हे नाव त्याच मुळाचं, फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेलं. म्हणजे मराठी माणसाला हा शब्द अर्धा आधीच येतो.

मराठीत जवळ जायचं तर ‘कळवळा’ बरा. त्याहून जवळ ‘पोटातली माया’. आतडं तुटतं, पोटात कालवतं असं आपण म्हणतो. तिथेच हा शब्द राहतो.

बायबलमध्ये एक प्रसंग आहे, राजे पुस्तकाच्या पहिल्या भागात, तिसऱ्या अध्यायात. एका बाळावर दोन बायका हक्क सांगतात. शलमोन राजा तलवार मागवतो: बाळाचे दोन तुकडे करा, अर्धा हिला, अर्धा तिला. खरी आई ओरडते, तिलाच देऊन टाका, पण मारू नका. त्या क्षणी मूळ हिब्रू म्हणतं, तिचे ‘रहमीम’ मुलासाठी तापले. हाच शब्द पुरुषालाही लागतो. उत्पत्ती पुस्तकाच्या 43 व्या अध्यायात योसेफ धाकट्या भावाला, बन्यामीनला, बघतो, त्याचे रहमीम उचंबळतात, आणि तो रडायला आतल्या खोलीत जातो. त्याच अध्यायात, बन्यामीनला मिसरला धाडताना त्यांचा म्हातारा बाप याकोब मुलांना म्हणतो, देव तुम्हांला त्या माणसापुढे रहमीम देवो.

शब्दाची घडणही बघा. शेवटचा ‘-ईम’ हिब्रूत अनेकवचनाचा. पण ‘दया’चं अनेकवचन असा अर्थ इथे नाही. काही भाववाचक शब्द हिब्रूत अनेकवचनातच वावरतात. हाईम, म्हणजे आयुष्य, हाही तसाच. आणि हाईम हेही मुलाचं नाव. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरांत ते हायम म्हणून ऐकू येतं.

गंमत अशी, की रहमीम नावाचा माणूस बायबलमध्ये एकही नाही. मूळ तेच असलेली नावं मात्र आहेत. इतिहास पुस्तकाच्या पहिल्या भागात, दुसऱ्या अध्यायात एक रहम आहे आणि यरहमेल आहे, ‘देव माया करील’. शमुवेल संदेष्ट्याच्या आजोबांचं नाव यरोहाम. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा, ‘जिला माया मिळाली नाही ती’. शब्दाचं माणसाच्या नावात रूपांतर पुढच्या काळातलं. ते रुजलं बगदादपासून कुर्दिस्तान, इराण आणि ऑटोमन मुलखापर्यंतच्या यहुद्यांत. युरोपातल्या अश्केनाझी यहुदी घरांत हा शब्द मुख्यतः प्रार्थनेत राहिला. मृतासाठीची त्यांची प्रार्थना सुरू होते ती ‘एल माले रहमीम’ अशी, म्हणजे रहमीमनं भरलेला देव.

(दृश्य: जेरुसलेमच्या तटाचा पूर्वेकडचा बंद दरवाजा)

जेरुसलेमच्या जुन्या शहराचा हा पूर्वेचा दरवाजा ऑटोमन काळापासून दगडांनी बुजवलेला आहे. हिब्रूत नाव शाआर हा-रहमीम. अरबीत बाब अर-रहमा. भाषा दोन, मूळ एक.

(दृश्य: मशीद बंदर स्टेशन, हातगाड्या, मग सॅम्युअल स्ट्रीट)

आणि त्याच नावाचं दुसरं दार इथे, मांडवीत. शाआर हा-रहमीम, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनागृह. 1796 साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. समाजी म्हणजे सॅम्युअल, हसाजी म्हणजे यहेज्केल. कोकणातल्या बेने इस्राएलांनी हिब्रू नावांना असा ‘जी’ लावला: अब्राहामचा आबाजी, एलियाचा एलोजी. दिवेकर, पेणकर, केहीमकर ही आडनावं गावांवरून.

समाजी कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटका झाली तर देवासाठी घर बांधीन असा नवस त्यांनी केला, असं समाजात सांगतात. सुटलेल्या कैद्यानं निवडलेलं नाव ‘करुणेचं दार’, हे विसरू नये. सिनेगॉगला बेने इस्राएल मराठीत ‘मशीद’ म्हणत, म्हणून ही जुनी मशीद. मशीद बंदर स्टेशनचं नाव हिच्यावरून पडलं असं म्हणतात. आताची वास्तू 1860 ची. पाटी शोधायची तर मान वर करा, समोर पोत्यांची आणि हातगाड्यांची रांग असते.

(दृश्य: पाळणा, मग प्रार्थनेतले हात)

नाव ठेवायची वेळ सुंतेची, आठवा दिवस. घोषणा होते ती ‘अमुक बेन अमुक’ अशी. बेन म्हणजे मुलगा, आणि पुढे बापाचं नाव. सिनेगॉगमध्ये तोराह, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायला बोलावतात तेही असंच. पण माणूस आजारी पडला आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची झाली, तर बापाचं नाव मागे पडतं आणि आईचं येतं. रहमीमच्या अर्थाशेजारी ही रीत ठेवून बघा.

एक नाव मोठेपणीही मिळू शकतं. तालमूद या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात, रोश हाशाना या भागात, माणसावरचा वाईट निवाडा फिरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: दानधर्म, आक्रोश, नाव बदलणं आणि वागणूक बदलणं. त्यातून रूढी पडली. दुखणं विकोपाला गेलं की दहा पुरुषांचा मिन्यान जमतो, स्तोत्रं म्हणतात आणि रोग्याला नवं नाव देतात. हाईम, रफाएल किंवा असंच आयुष्याचं, आरोग्याचं, करुणेचं नाव. नवं नाव जुन्याच्या आधी लागतं, जुनं पुसत नाहीत. दुखण्यातून उठून माणूस निदान तीस दिवस राहिला तर नवं नाव कायम. त्याआधी गेला तर दगडावर जुनंच. म्हणून पाटी कोरायला देण्याआधी घरच्यांना हे विचारून घ्यावं लागतं. कागदपत्रांत ते सापडत नाही.

(दृश्य: इस्रायलमधला रस्ता, मोकळं बालोद्यान)

आज नवजात मुलांत हे नाव विरळ. इराक, इराण, कुर्दिस्तानातून आलेल्या पिढीबरोबर ते 1950 च्या दशकात इस्रायलमध्ये पोचलं, विनोदांत ‘पूर्वेकडच्या आजोबांचं नाव’ झालं, आणि नातवंडांनी ते ‘रामी’ करून आखूड केलं. 

(दृश्य: पुन्हा कागद, तीन लिप्यांतलं नाव)

कबरीच्या पाटीवर नाव बहुधा तीन लिप्यांत येतं: हिब्रू, मराठी, इंग्रजी. घोटाळा इंग्रजीपासून सुरू होतो. हेतसाठी तिथे कधी ‘एच’ लिहितात, कधी ‘सीएच’. पासपोर्टवरच्या ‘सीएच’वरून देवनागरी केली की ‘रचमीम’ होतं. आधुनिक इस्रायली उच्चार ऐकून केली तर ‘रखमीम’. जुना उच्चार ना च, ना ख. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंडानं वाफ सोडतो, तो आवाज घशात थोडा खाली न्या. तो हेत. देवनागरीत त्याला ‘ह’च जवळचा.

पुढचा स्वर हिब्रूत मुद्दाम तोकडा आहे, पूर्ण ‘आ’ नाही. ‘रहामीम’ लिहिलं की तो लांबतो. साधा ‘रहमीम’ बरोबर बसतो. जोर शेवटच्या ‘मीम’वर. इंग्रजीला जे तीन प्रयत्नांत जमत नाही ते आपल्या लिपीत चार अक्षरांत होतं, तेव्हा मराठी ओळ इंग्रजीवरून उतरवू नका. सरळ हिब्रूवरून उतरवा.

(दृश्य: शेवटचा मेम, छिन्नी, पाण्याचा मग)

कोरून झालं की ब्रशनं भुकटी काढायची, पाटी पाण्यानं धुवायची आणि ओली असतानाच तिरक्या उजेडात वाचायची, उजवीकडून. रेशचा कोपरा गोल. हेतला फट नाही. पहिला मेम उघडा. योद आखूड. शेवटचा मेम बंद, चौकोनी. शिसं भरायचं ते यानंतर.