कावळ्याच्या घरातलं कोकिळेचं पोर
(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

जून लागला होता. नौपाड्यात आमच्या गॅलरीसमोरच्या गुलमोहरावर एक कावळीण पिल्लाला भरवत होती. चपातीचा तुकडा, मासळीबाजारातून आणलेलं काहीबाही. पिल्लू आ वासून पंख थरथरवत होतं, आणि ते होतं कोकिळेचं. त्याच्या आईबापांनी अंडं घातलं आणि मोकळे झाले. पण मोठा झाल्यावर हा नर असेल तर कुहूच करणार. मादी असेल तर बरोबर कावळ्याचंच घरटं हेरणार. शिकवलं कोणी?

‘उपजतच असतं ते,’ असं म्हणून आपण चहाचा कप उचलतो. पण उपजत म्हणजे काय, हे उकलायला कोकीळ सोयीची नाही. उंदीर सोयीचे.

अमेरिकेत उंदरांच्या दोन जवळच्या जाती आहेत. एक जण लांब बीळ खणतो आणि मागे चोरवाट ठेवतो, साप आत शिरला तर पळायला. दुसरा जेमतेम आखूड बीळ खणून थांबतो, चोरवाट नाहीच. हार्वर्डच्या होपी होकस्ट्रा यांच्या गटाने या दोघांचा संकर केला. पिल्लं प्रयोगशाळेतली, जन्मात बीळ न पाहिलेली. तरी मातीत सोडल्यावर त्यांनी लांब बीळ आणि चोरवाट, दोन्ही केलं. मग ही संकरित पिल्लं पुन्हा आखूड बीळवाल्यांशी जुळवली, आणि नातवंडांमध्ये सरमिसळ झाली: कुणाचं बीळ लांब पण चोरवाट नाही, कुणाचं नेमकं उलट. म्हणजे ‘बीळ खणणं’ असा एकच गठ्ठा वारशाने येत नाही. लांबीचा वारसा वेगळा, चोरवाटेचा वेगळा. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

आता लगेच ‘म्हणजे सगळं रक्तातच’ म्हणू नका. पावसाळ्यात पनवेल-उरणकडे शिंदीच्या झाडांवर सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतात. विणतो नर. पण नवख्या नराचं विणकाम गबाळंच असतं, हात बसायला सराव लागतो. मादी येऊन अर्धवट खोपा तपासते, आवडला नाही तर निघून जाते. ओढ वारशाची, सफाई सरावाची, आणि पसंत-नापसंत करणारी ती.

अशी निवड होत राहिली की वागणूक बदलते. कधीकधी माणसाच्या एका आयुष्यात. मध्य युरोपातला ब्लॅककॅप नावाचा चिमुकला पक्षी हिवाळ्यात नैऋत्येला, स्पेनकडे जायचा. 1960 नंतर काही पक्षी वायव्येला, ब्रिटनमध्ये दिसू लागले. तिथे लोक परसात दाणापाणी ठेवतात. जर्मन पक्षीशास्त्रज्ञ पीटर बर्थोल्ड यांनी ब्रिटनमधले पक्षी धरून पिंजऱ्यात त्यांची पिल्लं वाढवली. ती पिल्लंही वायव्येकडेच झेपावत होती. दिशा शिकवणारं कोणी नव्हतं.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘कावळा एवढा हुशार, मग फसतो कसा?’’

आजोबा, कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याहून लहान असलं तरी रंगाने, ठिपक्यांनी बरंच तसंच. संशयाने अंडं फेकणारा कावळा कधीतरी स्वतःचंच फेकणार. हा तोटा जोवर मोठा, तोवर भाबडा कावळाच जास्त पोरं वाढवणार; त्यातलं एखादं कोकिळेचं निघालं तरी. पण कोकीळ दिसली की तो तिच्यामागे लागतो, हे तुम्हीही पाहिलं असेलच. तिथे मात्र तो अजिबात भाबडा नाही.