सिंगापूरचा एक दिवसाचा वर्ग आणि दाजींचं लॅमिनेशन

श्रोतेहो नमस्कार. आज सिंगापूरबद्दल बोलायचंय, पण तिथल्या बिल्डिंगा आणि मेट्रो नाही हं, ते तुम्हाला टूरवाले सांगतीलच.

तर तिथं परदेशातून घरकाम, बांधकाम अशा ठराविक कामांवर पहिल्यांदा आलेल्या माणसाला एक दिवसाचा वर्ग करावाच लागतो. सेटलिंग-इन प्रोग्राम म्हणतात त्याला. घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी २०१२ पासून आहे, बांधकामावरच्या कामगारांसाठी ऑक्टोबर २०१८ पासून. पगार कधी व्हायला पाहिजे, पासपोर्ट कुणाकडे राहायला पाहिजे, तक्रार कुठं करायची, असं सगळं. फी मालक भरतो. परत सांगतो, फी मालक भरतो, कुणी तुमच्याकडं मागितली तर द्यायची नाही.

आता आमच्या भाच्याचं ऐका. सळई बांधायच्या कामावर गेला. आमच्या दाजींना लॅमिनेशनचं भयंकर वेड. लाईटबिल लॅमिनेट, सातबारा लॅमिनेट, एकदा लग्नपत्रिका पण केली होती. माझं म्हणाल तर हे खूळ बंद झालं पाहिजे, अहो लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का कुठं मारणार? ऑफिसातला माणूस वैतागतो आणि मग आपणच म्हणतो की सरकारी लोक काम करत नाहीत. असो.

तर पोरगं निघायच्या आधी सिंगापूरहून आयपीए नावाचं, म्हणजे कामाच्या परवान्याला तत्त्वतः मंजुरी दिल्याचं पत्र आलं, त्यात पगार लिहिलेला असतो, आणि ते निघायच्या आधीच कामगाराच्या हातात पडायला पाहिजे असा तिथला नियमच आहे. दाजींनी वाचलं बिचलं काही नाही, सरळ तालुक्याला नेलं आणि लॅमिनेट करून आणलं. एजंट तोंडी म्हणाला होता, हजार डॉलर.

वर्गात मराठी कुठून असणार, हा बसला इंग्रजीत. शिकवणारे म्हणाले, आपापलं पत्र काढा. कुणाचं घामानं भिजलेलं, कुणाचं चार घड्या पडून फाटलेलं, कुणाचं मोबाईलमध्ये फोटो काढलेलं पण दिसेना. आणि आमच्या भाच्यानं बॅगेतून काढलं ते चकाचक, ताठ, हॉटेलच्या मेनूकार्डासारखं! सगळा वर्ग हसला. सर म्हणाले आण इकडं, आणि तेच पत्र समोर धरून शिकवायला लागले. बेसिक इथं, भत्ता इथं, कपात इथं. तेव्हा याच्या ध्यानात आलं की बेसिक साडेसहाशेच आहे, हजार म्हणजे ओव्हरटाईम भरपूर मिळाला तर! हा उठून विचारतो, सर मग माझे हजार कुठं गेले? तर सर म्हणाले, एजंट काय बोलला ते इथं चालत नाही, कागदावर आहे ते चालतं, आणि तुझ्या लेखी संमतीशिवाय मालकाला त्यातलं कमी करता येत नाही. मग काय, ज्याच्या त्याच्या पत्रावर बोटं फिरायला लागली, चहाची सुट्टी लांबली म्हणे.

रात्री फोन केला तर दाजी पगाराबद्दल एक शब्द नाही, म्हणाले, "बघ, माझे तीस रुपये वसूल झाले का नाही!"

बरं, वेळ कमी राहिला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचाही असा एक दिवसाचा वर्ग आहे, पीडीओटी. दहावी न झालेली पोरं कामासाठी आखातात निघाली की त्यांच्यासाठी. पण ईसीआर, म्हणजे अशा पोरांना जायला सरकारची परवानगी लागते त्या देशांच्या यादीत सिंगापूर नाही, त्यामुळं तिकडं जाणाऱ्यांनी आयपीए इथंच, घरी बसून, कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. बेसिक बघायचं. परत सांगतो, बेसिक बघायचं, हजार-बाराशे ऐकून नाचायचं नाही.

आणि बायका घरकामाला जाणार असतील तर त्यांच्यासाठी एक. खिडकीची काच बाहेरून पुसायची तर जाळी बसवून कुलूप लावलेलं पाहिजे आणि घरातलं मोठं माणूस तिथं हजर पाहिजे, नाहीतर पुसायची नाही. मॅडम रागावल्या तरी नाही.

यानंतर बाजारभाव ऐका. नमस्कार.