नोकरी सोडून फळ्यापाशी

(दृश्य : वर्ग. फळ्यावर विद्युत परिपथाची आकृती.)

फळ्यापाशी उभ्या आहेत त्या बाई गेल्या वर्षापर्यंत एका कारखान्यात अभियंता होत्या. आज सातवीला परिपथ शिकवताहेत. विषय म्हणजे हातचा मळ, बोलणंही ओघवतं. पण वीस मिनिटं होत आली तरी वर्गातल्या एकाही मुलानं तोंड उघडलेलं नाही. मागच्या बाकावरचे मार्गदर्शक शिक्षक निरीक्षण वहीत लिहितात : ‘तार तुटली की दिवा का विझतो, हे मुलांना विचारा. सांगून टाकू नका.’

दुसऱ्या पेशातून येणाऱ्यांना विषयाची धास्ती नसते. नवखेपणा असतो तो वर्गाचा, आणि त्यासाठी प्रशिक्षण हवंच. अडचण अशी, की या प्रशिक्षणाची घडी बसली ती नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांसाठी. चाळिशीतल्या माणसामागे कर्जाचे हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात. वर्षभर बिनपगारी राहून दिवसभर हजेरी लावायची म्हटलं, की हौस जागच्या जागी जिरते.

(दृश्य : संध्याकाळ. घरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी पाठ टाचणाची, म्हणजे तासाच्या आखणीची, वही.)

नेदरलँड्सनं यासाठी २००० साली वेगळा कायदा केला. तिथे आधी उमेदवाराची पारख होते. शिक्षण, अनुभव, आणि प्रत्यक्ष वर्ग सांभाळता येतो का, हे सगळं पाहतात. त्यात उतरला की शाळा त्याला नोकरीवर घेते, पगार सुरू होतो आणि दोन वर्षांत प्रशिक्षण पुरं करायचं असतं. जे आधीच येतं ते पुन्हा शिकायला लावत नाहीत. आमच्या मते या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

इंग्लंडमध्ये २०१८पासून पदवीधरांना पगारी उमेदवारी करत शिक्षक होता येतं. त्याआधी, २०१६ साली, तिथे खास उत्तरवयात पेशा बदलणाऱ्यांसाठी ‘नाऊ टीच’ ही संस्था निघाली. तिच्या सहसंस्थापक लूसी केलवे तेव्हा ‘फायनान्शियल टाइम्स’ या अर्थविषयक दैनिकाच्या स्तंभलेखिका होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्या स्वतःच वर्गात उभ्या राहिल्या. मात्र वाट कुठलीही असो, शाळेत किमान १२० दिवस काढण्याची अट तिथे आहे. ती असावीच.

कारण सैल करायचं काय आणि घट्ट धरायचं काय, याचा खरा पेच इथे आहे. बालमानसशास्त्र, मूल्यमापन, अध्यापन पद्धती हे रात्री घरी बसून, ऑनलाइन शिकता येतं. सराव पाठ मात्र शाळेच्या वेळेतच घ्यावे लागतात, आणि त्याच वेळी उमेदवाराची जुनी नोकरीही चालू असते. मग आठवड्यातून दोन दिवस शाळा, असा तोडगा निघतो. तो निघाला की वेळापत्रक करणाऱ्याच्या डोक्याला ताप! सोमवारी सुरू केलेला धडा गुरुवारी पुढे न्यायचा, तर त्या तुकडीचे तास नेमके त्याच दोन दिवशी यायला हवेत. नाहीतर मधले तास दुसरंच कुणी घेतं, आणि परवा मुलांना काय कळलं नव्हतं याचा पत्ताच नवख्या शिक्षकाला लागत नाही.

(दृश्य : शिक्षक खोली. तासाची घंटा.)

मार्गदर्शक शिक्षकाचं तर कुणी विचारतच नाही. पाठ बघायचा, नंतर बसून त्यावर बोलायचं, टाचण तपासायचं, आणि स्वतःचे तास आहेतच. त्याचे एकदोन तास कमी करायचे तर दुसरा माणूस नेमावा लागतो, म्हणजे पैसे आले. योजना आखताना हाच खर्च पहिल्यांदा कापला जातो. तो कापून प्रशिक्षणाचे नुसते महिने कमी केले, तर नव्या माणसाला वर्गात एकटं सोडल्यासारखंच.

राहिला पगार. अभियंता म्हणून केलेली पंधरा-वीस वर्षं वेतनश्रेणीत धरायची, की सगळ्यांसारखं पहिल्या पायरीवरून सुरू करायला लावायचं? धरली, तर कोवळ्या वयापासून शिकवत आलेले सहकारी नाराज होणार. नाही धरली, तर निम्मे उमेदवार अर्जच भरणार नाहीत.