बीज कधी सुटतं? पाळीपासून पुढे नको, मागे मोजा

नमस्कार. सांगलीत आमचं मेडिकलचं दुकान आहे, मी फार्मासिस्ट आहे. परवा एक ताई आल्या. गर्दी होती म्हणून नुसतीच ओआरएसची पाकिटं घेऊन बाजूला थांबल्या. माणसं पांगल्यावर हळूच म्हणाल्या, "ते दिवस बघायचं किट असतं ना, ते द्या." म्हणजे बीज (स्त्रीबीज) कधी सुटणार ते लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्या.

मी विचारलं, पाळी किती दिवसांनी येते? "34." आणि तपासणार कधीपासून? "बाराव्या दिवसापासून. चौदाव्याला बीज सुटतं ना?"

पाकिटात पट्ट्या पाच. सोळाव्या दिवशी त्या संपणार, आणि त्यांचं बीज सुटणार विसाव्या दिवसाच्या आसपास. मग घरी बसून त्या काय समजणार? माझ्यात बीजच तयार होत नाही. मी स्वतः आठ महिने हेच समजत होते, कारण एका दवाखान्यात मलाही "चौदावा दिवस" एवढंच सांगितलं होतं. माझी पाळी किती दिवसांची, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हा व्हिडिओ.

चौदा हा आकडा खोटा नाही, पण तो मागून मोजायचा असतो. 1920 च्या दशकात जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून हे दाखवलं: बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी. बीज पिकायला लागणारा काळ कमीजास्त होतो. आजारपण, ताण, कशानेही लांबतो. पण बीज सुटल्यावर मागे जी पिवळी गाठ उरते, ती प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार करते आणि दिवस राहिले नाहीत तर बहुतेकींत 12 ते 14 दिवसांत सुकते. मग पाळी येते. म्हणून 28 दिवसांचं चक्र असेल तर चौदावा दिवस, 25 चं असेल तर अकरावा, 34 चं असेल तर विसावा. थोडं इकडेतिकडे होणारच.

आणि पहिला दिवस कोणता? रक्तस्राव सुरू झाला तो. आपल्याकडे बऱ्याच जणी डोक्यावरून पाणी घेतल्यापासून मोजतात, तिथेच चार-पाच दिवसांची चूक होते. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता ना, तिथेच एक टिंब मारा. तीन-चार महिन्यांची टिंबं झाली की तुमचं चक्र तुम्हालाच दिसेल.

आता शरीर काय सांगतं ते बघा, कारण टिंबं मागच्या महिन्याची असतात. बीज सुटायच्या आधीचे काही दिवस अंगावरून पातळ, पारदर्शक, बुळबुळीत स्राव जातो. पुस्तकात लिहितात, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. अंडं न खाणाऱ्यांसाठी सांगते: भेंडी चिरताना तार येते ना, तशी दोन बोटांत तार येते. कितीतरी जणी यालाच "पांढरं जातंय" म्हणून घाबरतात आणि माझ्याकडे गोळ्या मागतात. अहो, हेच तर दिवस! शुक्रजंतू या स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र 12 ते 24 तासच. म्हणून दिवस राहण्याची शक्यता बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच. बीज सुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीपासून एक-दोन दिवसांआड एकत्र या. खाज, वास, दह्यासारखे गोळे असतील तर ते वेगळं, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

(पट्टी हातात धरून दाखवते) ही पट्टी लघवीतलं एलएच हार्मोन पकडते. ते वाढलं की पुढच्या 24 ते 36 तासांत बीज सुटायची शक्यता असते. इथे एक गोष्ट नीट ऐका. गरोदरपणाच्या टेस्टमध्ये फिकट रेघही चालते, इथे चालत नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद हवी. रोज एकाच वेळी तपासा, आधी दोन तास तांब्याभर पाणी पिऊ नका. 34 दिवसांचं चक्र असेल तर सोळा-सतराव्या दिवसापासून सुरू करा. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर ही पट्टी फसवू शकते, कारण एलएच मुळातच जास्त असू शकतं. त्यांनी सोनोग्राफीचा फॉलिकल स्टडी, म्हणजे बीज वाढतंय का ते सोनोग्राफीने बघणं, करावा.

थर्मामीटरचं थोडक्यात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी अंगाचं तापमान मोजायचं, बीज सुटल्यावर ते किंचित वाढतं. पण ते कळतं बीज सुटून गेल्यावर, आणि पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला हे जमणं अवघड. नाही जमलं तर सोडा.

मूल नको म्हणून मात्र या मोजणीवर विसंबू नका, फसाल.

प्रयत्न करून वर्ष झालं, किंवा वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिने झाले, की डॉक्टरांकडे जा. पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांच्या पुढे येत असेल तर इतकंही थांबू नका. आणि जाताना दोघं जा. वीर्यतपासणी ही साधी तपासणी आहे, बाईच्या तपासण्यांबरोबरच ती झाली पाहिजे. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनाही सांगते, आधी सुनेला इंजेक्शनं आणि मग वर्षभराने मुलाचा रिपोर्ट, असं करू नका. नमुना देण्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध टाळायचे असतात, तेवढं लक्षात ठेवून लॅबची वेळ घ्या.