मेणबत्तीच्या ऊर्जेचा हिशेब

मंडळी, मेणबत्ती जळताना ऊर्जेचं काय होतं, असं विचारलं की उत्तर तोंडपाठ असतं: रासायनिक ऊर्जेचं रूपांतर उष्णतेत आणि प्रकाशात. उत्तर बरोबर आहे. फक्त ते ऐकून वाटतं की उष्णता आणि प्रकाश जोडीनं, जवळपास बरोबरीनं बाहेर पडतात. तसं मुळीच नाही.

हिशेबच करू. एक ग्रॅम पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, पूर्ण जळलं की ४० ते ४५ किलोज्यूल ऊर्जा सुटते. नेहमीची मेणबत्ती तासाला सहा-सात ग्रॅम मेण खाते. म्हणजे सेकंदाला ७०-८० ज्यूल, अर्थात ७०-८० वॅट झाले. इथे शांत बसून ऐकणारा प्रत्येक जण साधारण तितकीच उष्णता बाहेर टाकतोय! या ७०-८० वॅटपैकी डोळ्यांना दिसणारा प्रकाश किती? एक टक्कासुद्धा नाही. आपण जिला दिवा म्हणतो ती खरं तर छोटी शेगडी आहे.

आता ही ऊर्जा येते कुठून? मेणातले अणूंना जोडणारे बंध तुटतात आणि ऊर्जा सुटते, असं सर्रास सांगितलं जातं. ते उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्ची घालावी लागते. काडी ओढावी लागते ती त्यासाठीच. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध जुळताना मात्र त्याहून जास्त ऊर्जा मिळते. वरची शिल्लक तेवढी आपली. तिच्यातला थोडा भाग ज्योत मेणाकडेच परत पाठवते: मेण वितळतं, वातीच्या बारीक धाग्यांमधून आपोआप (केशाकर्षणानं) वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. फुंकर मारल्यावर वातीतून पांढरा धूर निघतो ना? ती गोठू लागलेली मेणाची वाफच. पेटती काडी वातीच्या थोडी वर, त्या धुरात धरून बघा. ज्योत धुरावरून खाली धावत येते आणि वात पुन्हा पेटते.

मग प्रकाश कशाचा? पिवळ्या भागात क्षणभर चिनी मातीची बशी धरा, तिच्यावर काळा डाग पडेल. ती काजळी. ज्योतीच्या आतल्या भागात ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, तिथे मेणाची वाफ फुटून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि हजार अंशांच्या वर तापून पिवळे चमकतात. बाहेरच्या कडेला पोचले की बहुतेक जळूनही जातात. म्हणजे हा प्रकाश रासायनिक ऊर्जेतून थेट आलेला नाही, आधी उष्णता झाली आणि तिच्यातून तो निघाला. बुडाशी असलेल्या निळ्या रंगाची गोष्ट वेगळी. तिथे अभिक्रियेत तयार झालेले रेणूंचे तुकडे स्वतःच प्रकाश टाकतात. तिथे मधली पायरी गाळली जाते.

उरलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा तापलेल्या वायूंबरोबर वर जातो. ज्योतीशेजारी वीतभर अंतरावर हात खुशाल ठेवता येतो. तितक्याच अंतरावर वर धरा, लगेच मागे घ्याल. गरम हवा हलकी होऊन वर चढते, खालून ताजी हवा आत येते. ज्योत निमुळती होते ती या प्रवाहामुळे, आणि त्यामागे आहे गुरुत्वाकर्षण.

त्याचा परिणाम जवळजवळ उरलाच नाही तर? १९९२ मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानात मेणबत्त्या पेटवून पाहिल्या गेल्या. वरखाली उरलंच नाही, ज्योत गोलसर झाली. ऑक्सिजन प्रवाहाबरोबर न येता विसरणानं, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, सावकाश येऊ लागला, ज्वलन मंदावलं, काजळी जवळपास नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर पिवळा रंगही. मेण तेच, अभिक्रियाही त्याच, पण राहिली एक फिकट निळी ज्योत, उजेडासाठी जवळपास निरुपयोगी.