बटणाचा ‘टक’ येतो कुठून

गाडीतल्या एसीचं बटण दाबलं की आपल्याला एकच ‘टक’ ऐकू येतो. मायक्रोफोनवर मात्र त्याचे तुकडे दिसतात. आतली पत्र्याची घुमटाकार चकती उलटते, तो पहिला. पाठोपाठ बटणाची टोपी खालच्या थांब्यावर आपटते. बोट उचललं की चकती उसळते आणि टोपी वरच्या थांब्याला लागते. यांतला चकतीचा आवाज आपल्याला हवा असतो, थांब्यांचे बहुतेक वेळा नको असतात. पहिल्या दोघांत दहावीस मिलिसेकंदांचं अंतर पडलं की कानाला ‘टक-टक’ असं दुहेरी लागतं आणि बटण खिळखिळं वाटतं.

म्हणून बटणाचा आराखडा करताना सुरुवात आवाजापासून नको, बोटापासून करा. बटण किती सरकलं आणि किती जोर लागला, याचा आलेख काढा. समजा, जोर ४ न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतका चढला आणि चकती उलटताच २ न्यूटनवर उतरला. उतार भागिले शिखर, ५० टक्के. ३०च्या खाली बटण पिचपिचीत लागतं. ६०च्या बरंच वर गेलं की खटका बोचतो, चकतीचं आयुष्यही घटतं. आणि बोटाला हा उतार जाणवेल त्याच क्षणी आवाज यायला हवा.

थांब्याचा आवाज मारायला तिथे मऊ रबरी गादी देतात. ती फार मऊ झाली तर बटण तळाला टेकलं की नाही, ते बोटाला कळत नाही. टोपी आणि तिच्या मार्गातली फट हा दुसरा दुखरा भाग: जास्त ठेवली तर खड्ड्यांवर खडखड, कमी ठेवली तर रुंद बटण कोपऱ्यात दाबल्यावर तिरकं होऊन अडकतं. त्यावर फट घट्ट करण्यापेक्षा मार्गाची लांबी वाढवणं बरं. एकमेकांवर घासणारे दोन्ही भाग ॲसिटल या टणक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतील तर कुरकुर ठरलेलीच. एक तरी बदला. ग्रीस हा सगळ्यांचा लाडका उपाय. पण आराखड्यातली चूक झाकायला चोपडलेलं ग्रीस उणे २० अंशांना घट्ट होतं आणि बटण आळसावून वर येतं.

एवढं करूनही आवाज पोकळ आला, तर दोष बटणात नसून पॅनेलमध्ये असू शकतो. पातळ प्लॅस्टिकचा मोठा पत्रा ढोलासारखा घुमतो. मागे रिब्ज, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या द्या, फेल्टची (दाबलेल्या लोकरी कापडाची) पट्टी लावा. मोजताना नुसत्या डेसिबलवर विसंबू नका. दोन बटणांचे डेसिबल सारखे असूनही एक स्वस्त वाटतं, कारण त्याची ऊर्जा वरच्या कंप्रतांकडे झुकलेली असते. त्यासाठी तीक्ष्णता मोजतात, ‘ॲकम’ या एककात. दाबण्याचा वेग यंत्राने कायम ठेवा. वेग बदलला की आवाज बदलतो.

इंडिकेटरचं गणित निराळं आहे. जुन्या गाड्यांत टिकटिक रिलेची, म्हणजे विजेने उघडमिट होणाऱ्या स्विचची असायची: संपर्क जुळताना एक स्वर, सुटताना दुसरा. एलईडी दिव्यांना रिलेची गरज उरली नाही, तेव्हा अनेक गाड्यांत तो आवाज स्पीकरवर वाजवतात. मिनिटाला ६० ते १२० उघडझाप हे नियमातलं बंधन दिव्याचं, पण आवाज त्याच्याशी जुळलाच पाहिजे; दिवा आधी आणि टिक मागून आली की लगेच खटकतं. ‘टिक’ आणि ‘टॉक’ची ध्वनिफीत वेगळी ठेवा. आणि हा आवाज म्युझिक सिस्टिमच्या व्हॉल्यूमला बांधू नका. गाणी बंद केली म्हणून इंडिकेटर मुका व्हायला नको.